छप्पर कोणाचे, पंचनामा कोणाचा?

फेब्रुवारी-मार्च उजाडला की वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर एक छायाचित्र ठरलेले असते. जमिनीवर द्राक्षांचा सडा, मधोमध डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी आणि बांधावर उभे मंत्रिमहोदय. त्या शेतकऱ्याच्या दुःखाबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. वर्षभराचा घाम अर्ध्या तासात मातीत जातो तेव्हा काय होते, हे आम्ही दुसऱ्याच्या रानात मजुरी केलेली माणसे चांगले जाणतो. पण त्याच दुपारी, त्याच गारा त्याच गावच्या बौद्धवाड्यावरही पडलेल्या असतात. तेथे छायाचित्रकार जात नाही. तेथे द्राक्षे नसतात. तेथे गंजलेले पत्रे असतात, सिमेंटची फुटकी पाने असतात, दाराशी एखादा शेवगा असतो, पाच-दहा कोंबड्या असतात. अशा नुकसानीला बातमी म्हणत नाहीत आणि, याहून वाईट म्हणजे, नुकसानही म्हणत नाहीत.

मार्च २०१४ ची गारपीट आमच्या मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, उत्तर महाराष्ट्र झोडपून निघाला. आम्ही तेव्हा तालुक्याच्या कोर्टात वकिली करीत होतो आणि माय मांजरा खोऱ्यातल्या आमच्या गावी एकटीच राहत होती. घर तीन खणांचे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आईबापांनी जे चार पैसे गाठीशी बांधले, त्यातून पुढे गावाच्या गायरानाच्या कडेला दगडमातीच्या भिंती उभ्या राहिल्या. पुढच्या दोन खणांवर टिनाचे पत्रे, मागच्या खणावर सिमेंटची पाने. मागे दोन गुंठ्यांचे परस. त्यात दोन शेवगे, एक लिंबोणी, चार पपया, कढीपत्ता, कुडावर घेवड्याचा वेल, वांग्याची वीस-बावीस झाडे आणि मिरची. आठवडी बाजाराला माय टोपल्यात वांगी, शेवग्याच्या शेंगा आणि लिंबे घेऊन बसत असे. तिच्या मिठामिरचीचा आणि दवाखान्याचा खर्च त्यावर निघे. आमच्याकडे ती पैसे मागत नसे. मुलगा वकील झाला म्हणून आपण हात पसरावा, हे तिला पटत नव्हते.

दुपारी चारच्या सुमारास आभाळ काळेनिळे झाले. आधी वारा, मग मोठे थेंब, मग गारा. लिंबाएवढी गार ताशी ऐंशी ते शंभर किलोमीटर वेगाने खाली येते. टिनाच्या पत्र्याखाली बसलेल्या माणसाला त्याचा आवाज कसा ऐकू येतो, हे सांगून कळायचे नाही. मायने दोन शेळ्या घरात ओढल्या, डोक्यावर परात धरली आणि बाजेखाली शिरली. मागच्या खणाची सिमेंटची पाने पापडासारखी फुटली. पुढचे पत्रे गंजल्या जागी फाटले आणि दोन पत्रे हूक तुटून शेजारच्या अंगणात जाऊन पडले. कणगीतली ज्वारी भिजली. बापाने पैशाला पैसा जोडून घेतलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड भिजून फुगले. पत्र्याची पेटी तेवढी कोरडी राहिली. त्या पेटीत घरपट्टीच्या पावत्या होत्या. त्या पावत्यांची गोष्ट पुढे येईलच.

गारा कोणाच्या पापाने पडत नाहीत. तापलेल्या जमिनीवरची हवा वेगाने वर चढते, बंगालच्या उपसागरावरून आलेले बाष्प आणि उत्तरेकडची कोरडी थंड हवा यांची गाठ पडते, उंच ढगात पाण्याचे थेंब गोठतात, वर जाणाऱ्या झोतात त्यांच्यावर बर्फ चढत जाते आणि झोताला वजन पेलेनासे झाले की ती खाली येतात. बस्स, एवढेच. पण आपल्याकडे गारपिटीलाही पुरोहित लागला. विदर्भात ‘गारपगारी’ नावाची जमातच होती. मंत्रतंत्राने गावावरची गारपीट दुसरीकडे वळवायची आणि त्याबद्दल सुगीत धान्य घ्यायचे, हा तिचा पेशा. बिचारी गरीब माणसे, त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. गार थांबली तर धान्य मिळे, न थांबली तर गावाचा रोष त्यांच्यावर. आजचा गारपगारी मात्र पॅन्टशर्ट घालतो, हातात पंचनाम्याचा कागद धरतो आणि मदत कोणत्या वाड्यावरून कोणत्या वाड्यावर वळवायची ते ठरवतो. त्याच्यावर रोष धरायला गाव तयार नसते.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा वाड्यातली माणसे विहारात होती. विहाराचा स्लॅब पक्का असल्याने रात्री साठ-सत्तर लोक तेथेच निजले होते. माय मात्र परसात होती. कुदळीने झाडांच्या बुंध्याभोवती साचलेल्या गारांचा ढीग बाजूला ओढत होती. आम्ही म्हणालो, “माये, आधी छप्पर बघू, झाडं कुठं पळून चालली?” ती म्हणाली, “पत्रा बाजारात भेटतो. लिंबोणी भेटती का? बर्फ बुडाला राहिला तर मूळ सडतंय.” तिचे बरोबर होते. कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाला जे ठाऊक नव्हते ते तिला ठाऊक होते.

त्या आठवड्यात जे शिकलो ते येथे लिहून ठेवतो. उद्या कोणत्याही वाड्यावर ही वेळ येऊ शकते. मोडकी फांदी हाताने ओढून काढू नये, साल सोलत खाली येते. धारदार कोयत्याने वा करवतीने सरळ छाट घ्यावी. लिंबोणीची ज्या बाजूने गारा आल्या त्या बाजूची साल जागोजागी फुटलेली असते आणि त्या जखमांतून खैऱ्या शिरतो. त्यावर बोर्डो पेस्ट लावतात. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, आणि तेही प्लॅस्टिकच्या बादलीत, कारण लोखंडाच्या बादलीत मोरचूद वाया जातो. शेवगा कंबरेएवढा ठेवून कापला तर महिन्यात फुटतो. वांग्याची झाडे जमिनीपासून वीतभर ठेवून छाटली, मातीची भर दिली, तर पुन्हा फुटवे धरतात. शेंडा तुटलेल्या पपईची आशा सोडावी. तिचे खोड पोकळ असते, पाणी शिरून ती आतून कुजते. वेल गेले ते गेले, नव्याने बी टोकावे. गळलेल्या लिंबांचे मायने लोणचे घातले. कच्च्या पपयांची भाजी चार दिवस सगळ्या आळीने खाल्ली. नऊ कोंबड्या मेल्या होत्या, त्या खड्डा घेऊन चुना टाकून पुरल्या.

घराविषयी एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. सिमेंटच्या पानांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. फुटलेली पाने कोरडी झाडून काढली तर ती धूळ फुप्फुसात जाते आणि तिचे परिणाम वर्षानुवर्षांनी दिसतात. आमच्या वाड्यात बायका खराट्याने ती झाडत होत्या, पोरे तुकड्यांनी खेळत होती. आधी पाणी मारावे, तोंडाला ओला फडका बांधावा, तुकडे वेचून खोल पुरावेत, परसाच्या मातीत मिसळू देऊ नयेत. श्रीमंताच्या घरावर ही पाने नसतात, म्हणूनच त्यांच्या धोक्याची चर्चा गावात होत नाही.

आता पंचनाम्याकडे वळू. पहिले चार दिवस पंचनाम्याचे पथक रानात फिरत होते. पाचव्या दिवशी ते वाड्यात आले. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नाव बदलल्याने नजर बदलते का, हे ज्याने त्याने पाहावे.) पहिला प्रश्न, “जागा कोणाची?” “गायरान.” “मग घर अनधिकृत.” दुसरा प्रश्न नाही. आम्ही काळा कोट घालून गेलो नव्हतो, तरी वकिलाचा आवाज निघालाच. तेव्हा सूर बदलला. भिंती बोटाने वाजवून पाहिल्या गेल्या आणि निष्कर्ष निघाला की भिंती उभ्या आहेत, म्हणजे घर उभे आहे. नुकसान पंधरा टक्क्यांच्या आत. निवडणुकीची आचारसंहिता लागल्याचेही ऐकवण्यात आले. वास्तविक आपत्तीतील मदतीला आचारसंहिता आडवी येत नाही. निवडणूक आयोगाच्या परवानगीने मदत देता येते आणि त्या वर्षी ती दिलीही गेली.

हे पंधरा टक्के कोठून आले? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष केंद्र सरकार ठरवते. गारपीट ही त्या निधीसाठी मान्य असलेली आपत्ती आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेले दर असे : सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये, किमान पंधरा टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये, झोपडीला ८,००० रुपये. शेळीमागे ४,०००, कोंबडीमागे १०० रुपये. कपडे आणि भांड्यांचीही मदत आहे, पण ती घर वाहून गेले, पूर्ण पडले वा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात राहिले तरच. आमच्या मायची ज्वारी वरून भिजली, खालून नाही. त्यामुळे ती निकषात भिजली नाही.

ज्याच्या घराला स्लॅब आहे त्याच्या दृष्टीने छप्पर हा घराचा एक भाग असतो. तीन खणांच्या घरात छप्पर हेच घर असते. भिंती चार हातांनी, गावच्या दगडमातीने उभ्या राहतात, त्यांना मजुरीपलीकडे पैसा लागत नाही. रोख पैसा लागतो तो पत्र्याला, हूकांना, वाशांना. म्हणजे ज्या भागावर गरिबाची सगळी रोकड खर्ची पडलेली आहे, तोच भाग गेला तर ते ‘अंशतः नुकसान’ आणि तेही पंधरा टक्क्यांच्या आत! हा हिशेब करणाऱ्याच्या डोक्यावर कधी पत्रा नव्हता, एवढेच यातून सिद्ध होते.

निकष काही आकाशातून पडलेले नाहीत. पिकांच्या नुकसानीची अट पूर्वी पन्नास टक्के होती. २०१५ च्या एप्रिलमध्ये ती तेहतीस टक्के झाली, कारण त्या वर्षीच्या अवकाळी पावसाने आणि गारपिटीने उत्तर भारतापासून येथपर्यंत शेतकरी खवळला आणि सरकारला ऐकावे लागले. शेतकऱ्यांना ते मिळाले याचा आम्हाला आनंद आहे. पण घराच्या पंधरा टक्क्यांवर कोणी मोर्चा काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आम्हीही काढलेला नाही. हे आमच्यावरही उलटणारे बोट आहे.

खरी गोम निकषांतल्या एका छोट्या टिपेत आहे. नुकसान झालेले घर हे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले अधिकृत बांधकाम असले पाहिजे, अशी ती टीप. दिसायला निरुपद्रवी. पण ग्रामीण महाराष्ट्रात कोणाचे घर गावठाणात आणि कोणाचे गायरानावर, हे कोणी ठरवले? गावठाणात आमच्या पूर्वजांना जागा नव्हती. गावाबाहेर, ओढ्याच्या कडेला राहण्याची सक्ती धर्माने केली आणि आता तेथे राहतो म्हणून कायदा आम्हाला ‘अनधिकृत’ म्हणतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारो माणसे तुरुंगात गेली. ती माणसे बांधकाम परवान्यासाठी तुरुंगात गेली नव्हती. पाय टेकवायला जमीन मागत होती.

येथे वकील म्हणून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण वाड्यावाड्यात याबद्दल गैरसमज आहे. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी हक्क नव्हे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव आहे, विजेचे मीटर आहे, एवढ्यावरून जमीन आपली होत नाही. कोर्टात हे सांगून आम्ही स्वतः हरलो आहोत. पण त्या पावत्यांनी एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते : अमुक वर्षापासून हे कुटुंब या छपराखाली राहते आणि पंचायतीला ते ठाऊक आहे, कारण ती त्याचे पैसे घेते. मदतीसाठी एवढे पुरे व्हायला हवे. मदत ही जमिनीची किंमत नव्हे, तुटलेल्या निवाऱ्याला दिलेला हात आहे. निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने चमेली सिंग खटल्यात म्हटले, आणि तो खटला तरी कशाचा होता? दलितांच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीला विरोध करणाऱ्यांचा!

गायरानाच्या बाबतीत जगपाल सिंग खटल्याचा २०११ चा निकाल सगळे अधिकारी तोंडपाठ म्हणतात : सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढा. तो निकाल आमच्या बांधवांनी शेवटपर्यंत वाचावा. शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना वा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनी अपवादात्मक बाब म्हणून नियमित करता येतील, असे त्यातच म्हटले आहे. महाराष्ट्रात १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीच्या शेतीसाठीच्या अतिक्रमणांना दिलासा दिला. २०१८ मध्ये ग्रामीण भागातील शासकीय जमिनीवरच्या, १ जानेवारी २०११ पूर्वीच्या निवासी अतिक्रमणांना नियमानुकूल करण्याचे धोरण आले. आणि २०२२ च्या अखेरीस गायरानावरची घरे काढण्याच्या नोटिसा गावोगाव बजावल्या गेल्या, तेव्हा किती घरांच्या हातात नियमानुकूल केल्याचा कागद होता? धोरण मुंबईत निघते, अर्ज करायचा असतो गावात. अर्ज कोणी लिहून दिला नाही तर धोरण मुंबईतच राहते.

परसाचे तर विचारूच नका. पीक नुकसानीची मदत हेक्टरी मोजतात. २०२२ ते २०२६ च्या त्याच निकषांत जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५०० रुपये. थोड्या जमिनीलाही जिरायत असेल तर किमान १,००० रुपये मिळावेत, अशी तरतूद आहे, ती चांगली आहे. पण त्यासाठी सातबारा हवा, त्यावर पेरा हवा, २०२१ पासून तर मोबाइलवर ई-पीक पाहणीची नोंद हवी. मायच्या वांग्यांची नोंद फक्त आठवडी बाजारातल्या गिऱ्हाइकांच्या तोंडी होती. भूमिहीन बाईचे परस हे तिचे शेत असते, हे महसूल खात्याच्या कोणत्याच नमुन्यात लिहायची सोय नाही.

कोणी म्हणेल, यात जात कोठे आली, हे तर कागदांचे झाले. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर दलितांना मदतीतून वगळल्याच्या, छावण्यांत वेगळे ठेवल्याच्या तक्रारी आल्या. तेथे जात उघड होती. पुढच्याच वर्षी आलेल्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कलम ६१ आहे : भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. या कलमाखाली अर्ज करताना आमचे कार्यकर्तेही कचरतात, कारण पथकाने जातीचे नाव कोठेच उच्चारलेले नसते. त्याने फक्त “जागा कोणाची?” एवढेच विचारलेले असते. ज्या गावात जागेची वाटणीच जातीने झाली, तेथे हा प्रश्न आणि जात विचारणे यांत फार अंतर नाही. कलम ६१ चा हा अर्थ आपण कोर्टात जाऊन मांडला पाहिजे. आमच्याकडूनही ते अजून झालेले नाही.

आमच्या वाड्याचे पुढे काय झाले? एकतीस घरांचे अर्ज आम्ही तीन रात्री विहारात बसून लिहिले. प्रत्येकाला फोटो जोडला, फोटोत त्या दिवशीचे वर्तमानपत्र दिसेल असे धरले. तहसीलला आवक शिक्का मारून घेतला. माहिती अधिकारात पंचनाम्यांच्या प्रती आणि लाभार्थ्यांची यादी मागितली. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते, आम्हाला पहिल्या अपिलानंतर मिळाले. त्या यादीत गावठाणातल्या दोन बंद घरांची नावे होती, ज्यांचे मालक पुण्यात राहतात. यादी हाती आल्यावर एकतीसपैकी एकोणीस घरांना पैसे मिळाले. आमच्या घराला मिळाले नाहीत. वकिलाचे घर गरीब कसे, असा शेरा होता म्हणे. मायला आम्ही ते सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “एकोणीस झाले ना? मग आपला कागद कामी आला म्हण.”

दुसरे वास्तव असे की त्याच एप्रिलमध्ये, ताडपत्र्या अजून छपरांवर असताना, जयंतीच्या वर्गणीवरून वाड्यात बैठक झाली. डीजे आणायचा की नाही? तरुण पोरे म्हणत होती, गारा पडल्या म्हणून बाबासाहेबांची जयंती साधी करायची काय? त्यांचा राग आम्हाला समजतो. वर्षातला एकच दिवस गावात मान वर करून चालायचा. पण त्या बैठकीत एक म्हातारी उठून म्हणाली की मिरवणूक तिच्या दारावरून न्या, तिला बाजेवर पडून आभाळ दिसतंय, मिरवणूक बी दिसंल. त्यावर कोणी बोलले नाही. त्या वर्षी डीजे आला नाही. विहारासाठी वीस मोठ्या ताडपत्र्या, दोन शिड्या आणि एक हूकांची पेटी आली. पुढच्या वर्षी डीजे परत आला, हेही सांगितले पाहिजे.

शेवगा त्याच पावसाळ्यात फुटला. लिंबोणीच्या सालीवर अजून व्रण आहेत, ती फळ देते.

आता विहारात एक वही ठेवली आहे. दरवर्षी माघ पौर्णिमेला, गारपिटीचा हंगाम तोंडावर असताना, दोन शिकलेली पोरे घरोघरी जाऊन लिहून घेतात आणि फोटो काढतात. कोणाच्या घरावर किती पत्रे, केव्हा टाकले, परसात काय, गोठ्यात काय, नमुना ८ चा क्रमांक काय. वही ग्रामसभेत वाचून दाखवतात आणि तिची प्रत पंचायतीला देऊन पोच घेतात, म्हणजे उद्या पथक आले तर आदल्या दिवशी येथे काय उभे होते, यावर वाद नको. पहिल्या वर्षी ग्रामसेवकाने पोच द्यायला नकार दिला, तेव्हा आम्ही प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवली. आता देतात. पहिल्या पानावर मायचे घर आहे : टिनाचे पत्रे चौदा, सिमेंटचे पान एकही नाही, शेवगे दोन, लिंबोणी एक, वांगी पंचवीस, शेळ्या तीन, कोंबड्या अकरा.